नकाशाची वरची बाजू

यवतमाळला परत आलो त्या दिवसापासून सकाळी फिरायला येणारी आमची मंडळी मला दोनच प्रश्न विचारतात. पुण्यात काय पाहिलं, आणि वहिनी कुठे आहेत? पहिल्याचं उत्तर नीट दिलं तर दुसऱ्याचं आपोआप मिळतं, पण तोंडी सांगायला गेलो की माझा गोंधळ होतो. म्हणून लिहून काढतो आहे. लिहितानाही गोंधळ होणारच, पण निदान मध्येच कोणी ‘मग पुढं?’ म्हणून खांद्यावर हात मारणार नाही.

माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीच्या कामात गेली. आधी साखळी ओढली, मग यंत्रं आली तेव्हा यंत्रं लावली, पण नकाशा तोच राहिला. लग्नाच्या पत्रिकेमागे हॉलचा रस्ता छापलेला असतो, त्यातल्या चुकाही मी पेनाने दुरुस्त करतो. ही माहिती बढाईसाठी देत नाही. पुढे जे झालं ते मोजणीच्या माणसाच्या हातूनच होऊ शकतं, म्हणून देतो आहे.

वाघोली

आमची पल्लवी आणि जावई वाघोलीला नवव्या मजल्यावर राहतात. दिवाळीत मी न्हाणीघरात घसरून पडलो आणि भुवईला तीन टाके पडले. तेव्हापासून पल्लवीचा रोज फोन, की तुम्ही दोघं आता इकडेच या, कायमचे. जानेवारीत आठ दिवसांसाठी गेलो ते याच बोलण्यासाठी. शनिवार संध्याकाळची परतीची दोन तिकिटं काढलेली होती, आणि शनिवारपर्यंत हो की नाही ते सांगा, असं पल्लवीने पहिल्याच दिवशी बजावलं.

माझं ‘नाही’ ठरलेलं होतं. पुणं वाईट आहे असं नाही. पण नवव्या मजल्यावरून समोर फक्त दुसऱ्यांच्या गॅलऱ्या दिसतात. समोरच्या इमारतीतली एक बाई रोज आठ वाजता कपडे वाळत घालायची. माझी बायको कुसुम तिला हात करायची, ती हिला हात करायची, आणि आठ दिवसांत त्यांना एकमेकींचं नाव कळलं नाही. आमच्याकडे शेजारच्या ठाकरेवहिनी कडी न वाजवता थेट स्वयंपाकघरात येतात आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगतात. मी रोज संध्याकाळी नगर रस्त्यापर्यंत चालत जायचो. विदर्भाकडे जाणाऱ्या ट्रॅव्हल्स तिथूनच जातात. काचेवर यवतमाळ, दारव्हा, पुसद लिहिलेलं वाचायचो आणि घरी यायचो.

कुसुमला विचारलं की ती एवढंच म्हणायची, “बघू.” चाळीस वर्षांच्या संसारात या शब्दाचा अर्थ मला चांगला कळला आहे असं मी समजत होतो. स्कूटर घेऊ का, बघू. स्कूटर आली नाही. माझ्या बहिणीकडे पंधरा दिवस राहू का, बघू, राहिलो नाही. त्यामुळे मी निश्चिंत होतो. वर तिच्या गुडघ्यांना पुण्याची थंडी मानवत नव्हती, तेही माझ्या बाजूचंच होतं.

गुरुवारी रात्री जेवताना पल्लवी म्हणाली की विद्यापीठाच्या आवारात एक सांस्कृतिक पदभ्रमंती सुरू झाली आहे. गाइड नसतो. फाटकावर घडीपत्रक देतात, त्यात नकाशा आणि बारा ठिकाणांची माहिती, आपलं आपण फिरायचं. “बाबा, नकाशा आहे. तुम्हाला मजा येईल,” असं ती म्हणाली. मी लगेच तयार झालो. उन्हातून पायपीट झाली की कुसुमचं उरलंसुरलं पुणं निघून जाईल, हा माझा आतला हिशेब होता. हे लिहायला आज लाज वाटते.

फाटक

शुक्रवारी नऊच्या सुमाराला पल्लवीने लावून दिलेल्या कॅबमधून उतरलो. फाटकाशी एका टेबलामागे मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते. निवृत्त असावेत आणि हे काम हौसेने करत असावेत, कारण पगारी माणूस इतका वैतागलेला नसतो. मी पत्रक मागितलं. त्यांनी पेपरातून मान न काढता एक दिलं. दोघं आहोत म्हटल्यावर म्हणाले, “आपण दोघं वेगवेगळ्या दिशांना जाणार आहात का?”

मी म्हटलं, सुरुवात कुठून करायची तेवढं सांगा.

“नकाशा आपल्या हातात आहे. वाचता येत असावं.”

“यात उत्तर दिशा दाखवलेली नाही.”

आता त्यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, मग कुसुमकडे पाहिलं, आणि जरा मऊ आवाजात तिला म्हणाले, “बाई, आत कँटीन आहे. मिसळ बरी असते.”

आमच्याकडे रस्ता विचारला तर माणूस चार पावलं सोबत येतो, आणि येता येता तुमच्या गावातला कोणी ओळखीचा निघतो. इथे माहिती मिळते, पण ती घेताना आपलं काहीतरी चुकलंय असं वाटत राहतं.

तर नकाशा. रंगीत होता, झाडं-पाखरं काढलेली, कुठल्याशा विद्यार्थ्यांनी प्रेमाने केलेला. फाटक खाली, पहिलं ठिकाण फाटकातून शिरल्यावर उजव्या हाताला. कोणताही साधा माणूस सरळ आत गेला असता आणि उजवीकडे वळला असता. पण आमच्या कार्यालयात नकाशाची वरची बाजू म्हणजे उत्तर. त्यात वाद नाही. मी सूर्य पाहिला, दिशा ठरवल्या, कागद उलटा फिरवला, आणि डावीकडे निघालो.

कुसुम म्हणाली, “अहो, कागदावर उजवीकडे दाखवलंय ना जी.”

मी तिला उत्तर दिशेविषयी सांगितलं. बरंच सांगितलं. ती माझ्यामागून चालू लागली.

नंबर एक ते सात

शंभरेक पावलांवर एका मोठ्या झाडाच्या बुंध्यावर पिवळ्या रंगात आकडा दिसला: १. पुढे २. मग ३. माझा ऊर भरून आला. पत्रकात बारा ठिकाणांना नंबर होते, आणि हे नंबर ओळीने झाडांवर होते. आता याहून जास्त पुरावा काय हवा?

पत्रकात नंबर एकला लिहिलं होतं की इथे पूर्वी घोड्यांचा तबेला होता, दगडी कमानींवरची वेलबुट्टी पाहण्यासारखी आहे. समोर सायकल स्टँड होता, पत्र्याच्या छपराचा. मी कुसुमला म्हटलं, कमानी पाडल्या असतील, आजकाल कोण जपतं? ती पत्र्याकडे बघत राहिली. नंबर दोनला, पाटी वाचणाऱ्या मुलीचा पुतळा, तिच्या चेहऱ्यावरची एकाग्रता लक्ष देऊन पाहावी. तिथे बाकावर एक माळी तोंडावर टोपी घेऊन झोपला होता. पुतळा दुरुस्तीला नेला असावा, असं मी ठरवलं. नंबर तीनला पायऱ्यांची विहीर होती आणि आत वाकून पाहा अशी सूचना होती. मी वाकून पाहिलं. लोखंडी जाळीत विजेचा ट्रान्सफॉर्मर होता आणि त्यावर कवटीचं चित्र होतं.

इथपर्यंत कोणाच्याही डोक्यात शंका आली असती. माझ्याही आली. पण दिशा बरोबर, आकडे बरोबर, मग चूक पत्रकात असली पाहिजे. मी पत्रकाच्या कडेला पेनाने दुरुस्त्या लिहायला घेतल्या.

या सगळ्यात कुसुमचं काहीतरी वेगळंच चाललं होतं. मी थांबे बघत होतो आणि ती भलत्याच गोष्टी विचारत होती. एका मुलीला तिने बायकांचं स्वच्छतागृह कुठे म्हणून विचारलं. मला वाटलं जायचं असेल, पण तिने लांबून पाहिलं, ठीक आहे म्हणाली आणि गेली नाही. एका झाडू मारणाऱ्या बाईला विचारलं की वाघोलीहून आत बस येते का, किती वेळ लागतो, गर्दी केव्हा असते. वाचनालयासमोरून जाताना दाराशी उभं राहून किती पायऱ्या चढाव्या लागतात ते तिने मोजलं. बावीस होत्या, कडेला कठडा होता. मी म्हटलं, गुडघा दुखतोय का? ती म्हणाली, नाही, आज बरा आहे. मला काही उलगडेना. कॅब परत यायची होती, मग बसची चौकशी कशाला? पण मी नंबर सहा शोधत होतो, त्यामुळे विचारायचं राहून गेलं.

नंबर सातला खुलं नाट्यगृह होतं, म्हणजे पत्रकात. समोर पाण्याची टाकी होती. मी टाकीभोवती फिरून पायऱ्या शोधत असताना एक रखवालदार काठी टेकत आला. काय हरवलं, विचारलं. मी पत्रक दाखवलं, झाडावरचा आकडा दाखवला.

त्याने दोन्ही पाहिलं आणि टोपी मागे सारली. “काका, ह्ये झाडांचे नंबर हायेत. झाडं मोजत्यात ना, त्याचे. पार मागच्या भिंतीपतुर हायेत, हजाराच्या वर.”

मी पेनाला टोपण लावलं. ज्या माणसाने आयुष्यभर मोजणीच्या खुणा केल्या, त्याने दुसऱ्याच्या मोजणीच्या खुणांवर भरवसा ठेवून तासभर बायकोला ट्रान्सफॉर्मर दाखवला होता. कुसुमने पदर तोंडाला लावला होता. तिचे खांदे हलत होते.

“चला मोजणीसाहेब,” ती म्हणाली, “मिसळ खाऊ.”

कागद तिने माझ्या हातातून घेतला, सरळ धरला, आणि पुढे चालू लागली. आता मी मागून होतो.

कँटीन

मिसळीबरोबर ब्रेडचे स्लाइस आले. आमच्याकडे सकाळी तर्री-पोहे म्हटले की वाटीत लाल तवंग हलतो आणि खाणाऱ्याच्या कपाळावर घाम येतो. ही मिसळ गोडसर होती, तिच्यावर कोथिंबीर नेमकी तेवढीच होती आणि जादा रस्सा मागितला तर ‘एकदाच मिळेल’ असं भिंतीवर आधीच लिहून ठेवलं होतं. मी ही तुलना जरा मोठ्यानेच करत होतो. कुसुम ऐकत नव्हती. तिचं लक्ष शेजारच्या मुलीच्या वहीकडे होतं.

मुलगी विशीतली, केस वर बांधलेले, एका हाताने वडा खात दुसऱ्या हाताने लिहीत होती. आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता त्या रेघेला अक्षरं लटकवत जायची. कुसुमने विचारलं, हे काय गं?

“मोडी आहे काकू. सर्टिफिकेट कोर्स करतेय. म्हणजे माझं मेन इकॉनॉमिक्स आहे, हे असंच, इंटरेस्ट म्हणून. सोमवारी नवी बॅच सुरू होतेय. मागच्या बॅचला तर तीन आज्ज्या होत्या, आमच्यापेक्षा फास्ट.”

मुलीचं नाव ऋचा होतं. कुसुमने तिला विचारलं की यासाठी शिक्षण किती लागतं. बारावी, ती म्हणाली. कुसुम बारावी आहे. मीही ते ऐकलं, पण माझ्या वाटीत मटकी किती कमी आहे ते मी त्या वेळी चमच्याने मोजत होतो.

पत्रकातलं अकरावं ठिकाण मोडीतला एक जुना दगड होता. ऋचाचा तास तिकडेच होता, म्हणून ती म्हणाली चला, दाखवते.

दगड

जुन्या दगडी इमारतीच्या कोपऱ्याला, कमरेइतक्या उंचीचा काळा दगड. त्यावर एक ओळ कोरलेली, घासून घासून गुळगुळीत झालेली. पत्रकात एवढंच होतं की मजकूर मोडीत आहे, अर्थ जाणून घ्यायचा असेल तर आत विभागात विचारा.

मी चपला काढल्या. नमस्कार केला. जुना दगड दिसला की आमचे हात आपोआप जुळतात. मग खिशातून फोन काढून फोटो घेतला. ऋचाने सहज विचारलं, काका, तुम्हाला येतं का वाचायला?

सकाळपासून झालेली शोभा डोक्यात होती. मी चष्मा पुसला, थोडा मागे सरकलो आणि म्हणालो, हद्दीचा दगड दिसतोय. आमच्या खात्यात असे पुष्कळ यायचे.

“वाचून दाखवा ना जी,” कुसुम म्हणाली.

तिचा आवाज चेष्टेचा नव्हता. ती खरंच ऐकायला उभी होती, कागद छातीशी धरून.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी कोणाला सांगितलेली नाही. जुन्या जमिनींच्या प्रकरणांत मोडी कागद यायचे. ते वाचायला बाहेरून एक जाणकार म्हातारे यायचे, ते वाचून दाखवायचे, आणि खाली सही मी करायचो. कधी कधी मी त्या कागदांच्या नकला घरी आणायचो आणि दिव्याखाली पसरून बसायचो, काम करतोय असं दिसावं म्हणून. कुसुम पोळ्या आटोपून यायची, पदराला हात पुसत वाकून बघायची, आणि विचारायची, काय लिहिलंय हो यात? मी म्हणायचो, तुला नाही कळायचं. मलाही त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, हे मी तिला एकदाही सांगितलं नाही. अशी किती वर्षं गेली ते आता मोजतही नाही.

दगडासमोर मी पुष्कळ वेळ उभा राहिलो. मग म्हणालो, “मला येत नाही.”

“कधीच येत नव्हतं?”

“कधीच.”

कुसुमने पत्रक माझ्या हातात परत दिलं. मला वाटलं ती रागावेल, निदान हसेल. ऋचाला बिचारीला काय झालंय ते कळेना. वातावरण हलकं करायला ती म्हणाली, अहो सोप्पं आहे, सांगू का काय लिहिलंय? कुसुमने तिच्या दंडावर हात ठेवला. “सांगू नको बाई. तुमचे सर आत हायेत का?” आणि दोघी आत गेल्या.

मी बाहेरच थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. दगडाजवळ उभं राहायची लाज वाटू लागली म्हणून समोरच्या वडाखाली जाऊन बसलो. पत्रकात हे बारावं आणि शेवटचं ठिकाण होतं. परीक्षा जवळ आली की मुलं या वडाला दोरा बांधतात, असं त्यात लिहिलेलं. आमच्याकडे वडाला दोरा म्हणजे सात जन्मांचा, इथे एका सेमिस्टरचा. लाल, पिवळे, एक तर चक्क इअरफोनची वायर. कुसुमने लग्नानंतर किती वड गुंडाळले असतील, आणि त्या सगळ्या दोऱ्यांत तिने नेमकं काय मागितलं असेल, हे मला माहीत नाही, हे त्या वडाखाली पहिल्यांदा लक्षात आलं. मला भीती वाटली. कशाची ते सांगता येत नव्हतं.

चाळीस मिनिटांनी ती बाहेर आली. हातात एक छापील कागद होता.

“माझा फोटो हाय का तुमच्या पाकिटात?”

“काहून?”

“फॉर्मवर लावायचा हाय.”

मी पाकीट काढलं. पेन्शनच्या कामासाठी म्हणून माझेच तीन फोटो होते. तिचा एकही नव्हता. तिने ते तीन फोटो पाहिले आणि मी तिला ते पाहताना पाहिलं.

“कसला फॉर्म?” मी विचारलं, कळत असून.

“मोडीचा. सहा महिने. आठवड्यातून तीन दिवस. बस येते वाघोलीहून, एकदाच बदलावी लागते.”

“उद्याची तिकिटं आहेत.”

“आहेत ना. तुमचं राहू द्या.”

नगर रस्ता

‘तुमचं राहू द्या’ या तीन शब्दांचा अर्थ मी त्या संध्याकाळपासून लावतो आहे. ही मला जा म्हणाली, की माझ्यावर जबरदस्ती नाही म्हणाली, की नुसतं तिकीट वाया जाऊ नये म्हणाली? पल्लवीला विचारलं तर तिला एवढा आनंद झाला होता की तिला प्रश्नच समजला नाही. आई राहतेय, आई राहतेय, असं तिने मैत्रिणींना फोन करून सांगितलं. मग मला म्हणाली, बाबा, तुम्ही पण राहा ना. मी म्हणालो, बघू. कुसुमने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि भाजी चिरायला घेतली.

मी हट्टाने निघालो. घर बंद आहे, कुंड्या वाळतील, पेन्शनचा हयातीचा दाखला, अशी कारणं देत निघालो. खरं कारण म्हणजे मला राग आला होता आणि तो कोणाचा ते ठरत नव्हतं. शनिवारी ती मला नगर रस्त्यापर्यंत सोडायला आली. ज्या गाड्यांच्या पाट्या मी आठवडाभर वाचत होतो त्यातलीच एक येणार होती. गाडी यायला वेळ होता. धूळ उडत होती.

मग मी म्हणालो, तू मला आधी सांगायचं होतंस.

“काल सकाळपर्यंत मलेच माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “पुण्याले राहू का नको, तेच पाहत होती मी. बस हाय का, पायऱ्या जमतात का. तुमाले वाटलं मी नाही म्हणून बसली हावो. मी ‘नाही’ कधी म्हटलंच नव्हतं. तुम्हीच समजून घेत आले.”

“स्कूटरच्या वेळी पण?”

“स्कूटरच्या वेळी पण. मी दोन वर्षं वाट पाहिली स्कूटरची.”

तेवढ्यात गाडी आली. वर चढून पाहतो तर डबल स्लीपरमध्ये तिच्या रद्द केलेल्या जागेवर दारव्ह्याचा एक माणूस आधीच पसरला होता. खिडकीतून पाहिलं तेव्हा ती अजून तिथेच उभी होती. तिने हात केला, समोरच्या गॅलरीतल्या बाईला करायची तसा. मला रडू आलं. दारव्ह्याच्या माणसाने विचारलं, डोळ्यात धूळ गेली का काका? मी हो म्हणालो.

यवतमाळ

घर जसं होतं तसंच आहे. कुंड्या ठाकरेवहिनींनी जपल्या होत्या, म्हणजे माझं ते कारण फुकट गेलं. त्या तुरीच्या शेंगा उकडून आणून देतात, दोघांच्या हिशेबाने, आणि अर्ध्या उरतात.

तिसऱ्या दिवशी फोनवर कुसुमकडून एक फोटो आला. वहीचं पान, आडवी रेघ, खाली पाच अक्षरं, आणि प्रत्येकाखाली आपल्या नेहमीच्या लिपीत ते अक्षर. बाकी काही नाही, कसे आहात नाही, जेवलात का नाही. मी चक्रावलो. दुसऱ्या दिवशी पुढची पाच आली. आणखी दोन दिवसांनी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी जुन्या कार्यालयी वहीत तक्ता आखला आणि अक्षरं उतरवून घेऊ लागलो. संध्याकाळी दिव्याखाली बसायचो, पूर्वीच्याच टेबलाशी. फरक एवढाच की आता खरंच वाचत होतो, आणि वाकून बघायला कोणी नव्हतं. गिरवलेल्या पानाचा फोटो मी तिला पाठवायचो. ती चुकलेली अक्षरं आपल्या वहीत लाल पेनाने दुरुस्त करून त्याचा फोटो परत पाठवायची. माझीच सवय माझ्यावर उलटली.

तीन आठवड्यांनी मी फोनमधला दगडाचा फोटो उघडला आणि तक्ता शेजारी ठेवला. पहिला शब्द लागायला एक संध्याकाळ गेली: येथे. शेवटचे दोन लागायला दोन: बांधू नये. मी खुर्चीत मागे टेकलो. हद्द नाही, दान नाही, देव नाही. ज्या दगडापुढे मी चपला काढून हात जोडले ती एक सूचना होती, फाटकावरच्या मफलरवाल्या गृहस्थांच्या कोणा पूर्वजाने लिहावी तशी. एकटाच हसलो, इतका की ठाकरेवहिनी कडी न वाजवता आत आल्या.

पण मधला एक शब्द राहिला. तिथे माझ्या फोटोत नेमकी उन्हाची तिरीप पडली आहे आणि दगड नुसता पांढरा दिसतो. येथे काय बांधू नये? घोडे म्हणावं तर तबेला तिथेच होता, मग बांधायचे कुठे? बैल? की दुसरंच काही? मी सगळे शब्द ठेवून पाहिले, एकही खात्रीने बसेना.

शेवटी फोन लावला. वाचलेलं तिला सांगितलं.  ती म्हणाली, “बरोबर आहे.” एवढं म्हणताना तिचा आवाज ओला झाला होता, हे मला नक्की कळलं. या सबंध प्रवासात तेवढं एकच मला नक्की कळलेलं आहे. मी मधला शब्द विचारला.

“तो नाई सांगत,” ती म्हणाली. “इथं येऊन वाचा. नऊच्या आत या, ऊन पडायच्या आधी.”

तर मंडळी, शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलं आहे. जायचं काढलं, परतीचं विचारलं तेव्हा मी त्या काउंटरवाल्याला म्हणालो, बघू. पाकिटात आता तिचा एक फोटो आहे, जुन्या अल्बममधून काढलेला. कुंड्यांसाठी घराची किल्ली ठाकरेवहिनींकडे दिली आहे.